काळ्या बगळ्याची पैज

हुसेन, तू गेल्याची तार आली तेव्हा मी पहिलं काय केलं असेल? मिशीवरून हात फिरवला. रडलो त्यानंतर, आणि चांगला रडलो, त्याची काळजी करू नकोस. पण आधी हात मिशीकडे गेला हे खरं. कॅम्प ऑफिसातल्या क्लार्कनं तुझ्या धाकट्या भावाची तार वाचून दाखवली. रजेवर घरी असताना झोपेतच हार्ट बंद पडलं, एवढाच मजकूर. क्लार्कला वाटलं, हा धक्क्याचा परिणाम. धक्का होताच, पण त्याच्याबरोबर चोरी पकडली गेल्यासारखंही वाटत होतं.

कारण एक गोष्ट मी तुझ्यापासून महिनाभर लपवली होती. तू आंबे खाऊन परत आलास की सांगायची असं ठरवलं होतं. आता तू येत नाहीस, आणि सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून लिहितोय. लांबण लावलेलं तुला आवडत नसे. आज मात्र ऐकून घे. तुला आता कुठल्या ड्यूटीची घाई आहे?

सत्त्याहत्तर साली आपण कतारमध्ये मेसईदच्या खताच्या कारखान्यात एकाच महिन्यात लागलो. मी साताऱ्याकडचा पाइप वेल्डर, तू रत्नागिरीच्या खाडीकाठचा, कंपनीच्या पिकअपवर ड्रायव्हर. सगळा कॅम्प तुला हुसेनभाई म्हणायचा. तू माझ्याहून चार वर्षांनी थोरला, तरी मी एकेरीवर आलो, कारण पहिल्याच दिवशी जेवणाच्या रांगेत तू मला ‘घाट्या’ म्हणालास आणि मी तुला ‘कोकण्या’ म्हणालो. त्यानंतर आदर दाखवायला तोंडच राहिलं नाही. तुझं प्रत्येक वाक्य ‘आमच्या कोकणात’ असं सुरू व्हायचं आणि मी ते पुरं होऊ द्यायचो नाही. आठ वर्षांत तुझी अशी किती वाक्यं मी अर्धी तोडली असतील, याचा आता विचार करतो.

एकदा तू अल खोरला पाइप पोचवून आलास तो नाचतच. “घाट्या, जंगल घावला! बेटावर जंगल हाय. येत्या जुम्म्याला चल.” दोन वर्षं वाळू, धुराडी आणि पत्र्याच्या खोल्या बघितलेला मी. जंगल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या डोंगरातली जांभळं आणि हिरडे उभे राहिले. प्रत्यक्षात काय, तर छातीपर्यंत उंचीची झुडपं, चिखलात पाय रोवून उभी, आणि चिखलातून वर आलेली हजारो मुळं. मी म्हणालो, “हे जंगल?” तू मात्र एका झुडपाचं पान तोडून जिभेवर ठेवलंस, खारट लागलं म्हणून हसलास, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. “तिवर हाय रे ही. आमच्या खाडीला हीच असतात.” त्या एका वेळी मी तुझं वाक्य तोडलं नाही, एवढी तरी नोंद घे.

पण त्या बेटावर जायचं म्हणजे ओहोटी हवी, आणि इथेच आपलं शहाणपण बाहेर आलं. चंद्राची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पुरी भरती, आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. हा तुमच्या किनाऱ्यावरचा हिशेब तू मला पिकअपमध्ये बसून शिकवलास. माझ्या खाटेशी टांगलेल्या दिनदर्शिकेत त्या दिवशी अष्टमी होती. तुझा चांद सातवा होता. म्हणजे माझी ओहोटी बाराला आणि तुझी सव्वाअकराला. या पाऊण तासावरून आपण मेसईदपासून दोहापर्यंत भांडलो. दोहा मागे पडल्यावर मला आणखी अक्कल सुचली. भारतातलं घड्याळ कतारच्या अडीच तास पुढे, तेव्हा अडीच तास वजा केले पाहिजेत, असं मी म्हणालो. तू पिकअप बाजूला घेऊन थांबवलीस आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसलास. “अरे, समुद्र काय मनगटात घड्याळ बांधतो?”

अल खोरच्या मशिदीत तुझा जुम्मा होईपर्यंत मी सावलीला बसलो. मग दोघं पाण्यात उतरलो. पाणी पोटरीएवढं. तू म्हणालास, बघ, ओहोटीच आहे. बेटावर जाऊन डबा उघडला, तळलेले बोयी मासे आणि चपात्या खाल्ल्या, आणि वळून बघतो तर आलो ती वाट गायब. तू कमरेपर्यंत शिरून परत आलास. चपला डोक्यावर, चेहरा असा की जणू ह्या समुद्रानं तुला घरच्या माणसांत खोटं पाडलंय. पलीकडच्या काठावर जाळं सांधत बसलेला एक म्हातारा आपल्याकडे बघून हात वर करून हसत होता. ‘बसा आता’ असा तो हात होता. त्याला हाका मारून तू अरबीत काहीतरी विचारलंस. उत्तर ऐकून तुझं तोंड उतरलं. ओहोटी सकाळी साडेनऊलाच होऊन गेली होती. इथल्या पाण्याची चाल वेगळी, आपला पाऊणपटीचा हिशेब इथे खलास.

पुढची सहा वर्षं मी एकच गोष्ट सांगत हिंडलो, की माझे अडीच तास वजा केले असते तर ओहोटी बरोबर साडेनऊला आली असती. आणि आली होतीच! तू चिडायचास. “येडा माणूस चुकून खरा ठरला, तर त्याला हिशेब म्हणत नाय.” हे मात्र तुझं बरोबर होतं. त्यानंतर दोनदा वजाबाकी करून मी दोनदा भिजलो, तुला न सांगता.

त्या दिवशी बेटावर चार तास अडकलो नसतो, तर काळा बगळा आपण बघितलाच नसता. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यात उंच तिवराच्या शेंड्यावर तो बसला होता, वाऱ्याकडे तोंड करून, मान आत घेऊन, डोळे मिटल्यासारखे. अंग पाटीसारखं काळपट, गळ्याखाली तेवढा पांढरा ठिपका. तू म्हणालास, हा झोपलेला नाही, पाण्याची वाट बघतोय. मी म्हणालो, तुझ्यासारखाच आळशी आहे.

पाणी उतरायला लागलं, आणि आपल्याला कळायच्या आधी त्याला कळलं. काठ अजून भरलेलाच दिसत होता. हा शेंड्यावरून उठला, दोनदा पंख मारून ओढ्याच्या तोंडाशी उतरला आणि तिथे उभा राहिला. थोड्या वेळानं त्याच तोंडातून पाणी बाहेर ओढलं जाऊ लागलं, आणि त्याबरोबर तिवरांच्या मुळांत लपलेली बारीक मासळी. नाक्यावर जकात घ्यायला बसल्यासारखा तो उभा होता. तू मला कोपरखळी मारलीस. “बघ, ह्याला तिथी लागत नाय.”

तिथून पुढे आपलं घड्याळ तोच झाला. तो शेंड्यावरून उतरला की आपण पाण्यात पाय घालायचे, आणि तो परत शेंड्याकडे उडाला की डबा आवरून पळायचं. एकदाही चुकला नाही. महिन्यातून एखादा शुक्रवार आपला त्याच्याबरोबर जायचा, आणि त्याची दिनचर्या मला माझ्या फोरमनच्या दिनचर्येपेक्षा जास्त पाठ झाली. आधी ओढ्याचं तोंड. मग पाणी आणखी आटलं की उथळ डबकी. तिथे त्याची तऱ्हाच बदलायची. इतका वेळ खुंटासारखा उभा राहणारा पक्षी एकदम धावत सुटायचा, पंख अर्धे उघडे, या डबक्यातून त्या डबक्यात, इकडे वळ, तिकडे वळ, दारुड्यासारखा. तू सांगितलंस, मासे घाबरून एका कोपऱ्यात गोळा व्हावेत म्हणून हे सोंग आहे. आणि मग एक पाय पुढे करून चिखल थरथरवायचा. काळ्या पायाला खाली पिवळा पंजा. चिखलात ते पिवळं काहीतरी हललं की कोळंबी उडायची, आणि उडाली की गेली. खेकडा सापडला तर चोचीत धरून असा झाडायचा की त्याचे पाय एकेक करून गळून पडायचे. मग गाभा गिळायचा आणि चोच पाण्यात धुवायचा. “जेवून हात धुतो बघ, तुझ्यापेक्षा बरा,” असं तू म्हणायचास.

आणि मग तो पांढरा. तीच उंची, तशीच चोच, तसाच धावण्याचा वेडेपणा, पण अंग दुधासारखं. तो ओढ्याच्या तोंडाशी आला की काळा घसा खरवडून ओरडायचा आणि त्याला हाकलून लावायचा. तू सहज म्हणालास, “भावाभावांचं भांडाण.” मी म्हणालो, “भाऊ कसला? हा काळा, तो पांढरा. जातच वेगळी.” आमच्या शेतात नांगरामागून चालतात ते बगळे पांढरे. त्यांत मी जन्मात काळा बघितला नव्हता. तू म्हणालास, नांगरामागचा बगळा वेगळा, हा समुद्रावरचा. ह्याच्यात काळं नि पांढरं दोन्ही निघतात, आमच्या कोकणात... मी वाक्य तोडलं.

सहा वर्षं हा वाद चालला. तुझ्याकडे पुरावा नव्हता आणि माझ्याकडे ऐकायची तयारी नव्हती. मी म्हणायचो, “आरं, एका जातीचे असते तर असं हाकललं असतं का एकमेकाला?” तू म्हणायचास, “तुमच्या गावात बांधावरनं कोण भांडतं? परका माणूस येतो काय भांडायला?” मग मी आवाज चढवायचो. मेसमध्ये आपलं हे सुरू झालं की आपले सांगलीकडचे आचारी, दगडूमामा, कढईवर झारा आपटून म्हणायचे, “बगळं ऱ्हाऊ द्या, आमटी निवतीय.”

त्यांच्याच समोर मी मिशी पणाला लावली. आठवतंय ना? काळा आणि पांढरा एकाच जातीचे निघाले, तर मी मिशी उतरवून वर्षभर तसाच राहीन. वेगळे निघाले, तर तू वर्षभर कोकणाचं नाव काढायचं नाही. सगळी मेस हसली. तू मात्र हसला नाहीस. मला बाजूला घेऊन म्हणालास, “मिशी नको रे लावूस. तुमच्यात ती मयताला उतरवतात. दुसरं काय पण लाव.”

तुला ते ठाऊक होतं, कारण आमचा म्हातारा गेला तेव्हा ती तूच उतरवली होतीस. मला घरी जायला सुट्टी मिळाली नाही, आणि इथे बसून मी काय करणार? निदान मिशी तरी उतरावी. हातात वस्तरा धरला, पण तो ओठाशी नेता येईना. तू दार लावून घेतलंस, मला बादलीवर बसवलंस, साबण लावलास आणि एक हात माझ्या कपाळावर ठेवून इतक्या हळू वस्तरा फिरवलास की मला तो लागलाच नाही. नमाज पढणारा माणूस, आमच्या रीतीतलं काम करताना एकदाही विचारलं नाहीस की हे का करायचं. झाल्यावर ते केस कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलेस आणि म्हणालास, “ह्याचं काय करतात तुमच्यात, ते तू कर.” हुसेन, त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. आज बोलतो. त्या दिवशी तू नसतास तर मी वेडा झालो असतो.

तरी मी पैज मागे घेतली नाही. मी कशाला हरतोय, असा ताठा. मामांना साक्षीला धरलं आणि आपण हातावर हात मारला.

आता चोरी सांगतो. या एप्रिलमध्ये दुरुस्तीसाठी कारखान्याचा शटडाऊन होता आणि शुक्रवारी तुला ड्यूटी लागली. केरळचा नवा ड्रायव्हर जोसेफ अल खोरला निघाला होता, त्याच्याबरोबर मी एकटाच बेटावर गेलो. काळा बगळा उतरला, पण ओढ्याच्या तोंडाशी थांबला नाही. चोच भरली की उडायचा, बेटाच्या पाठीमागच्या दाट तिवरांत जायचा आणि रिकामा परत यायचा. तीनदा असं झाल्यावर मी चिखलातून मागे गेलो आणि लांब उभा राहिलो. काटक्यांचं घरटं. त्यावर पांढरा बसलेला. काळा आला, मानेवरची पिसं फुलवून दोघांनी चोची वाजवल्या. पांढरा उठला, आणि काळा त्याच्या जागी बसायच्या आधी मला आतलं दिसलं. दोन पिल्लं. एक राखाडी आणि एक पांढरं. एकाच घरट्यात, एकाच वेळी तोंड उघडून ओरडत होती.

आपण जिच्यावरून सहा वर्षं भाऊ का परका म्हणून भांडलो, ती त्याची घरधनीण असेल कदाचित. का तो पांढरा दुसराच होता, हे मला सांगता येत नाही. पण जात एकच, यात काही शंकाच उरली नाही. मी तिथे चिखलात उभा राहून एकटाच हसलो. पहिलं मनात आलं की कोकण्याला हे दाखवलं पाहिजे, लगेच, आत्ताच. आणि दुसरं मनात आलं ते लेकीचं लग्न.

जूनमध्ये थोरलीचं लग्न ठरलंय हे तुला माहीत होतंच. तूच तिला दोह्यातून साडीचं कापड निवडून दिलं होतंस. मुलीचा बाप मांडवात बिनमिशीचा उभा राहिला, तर सगळा गाव विचारणार, कोण गेलं? प्रत्येकाला बगळ्याची गोष्ट सांगत बसू? म्हटलं, लग्न उरकू दे. तूही रजेवरून येशील. मग तुला बेटावर नेऊन घरटं दाखवीन आणि तिथेच वस्तरा तुझ्या हातात देईन. म्हणून संध्याकाळी तू विचारलंस, “काय बघितलंस?” तेव्हा मी म्हणालो, “काय न्हाई. ऊन बघितलं.” तू म्हणालास, “बगळा बरा हाय ना?” मी म्हणालो, बरा आहे.

तुला विमानतळावर सोडायला आलो तेव्हाही ओठांवर आलं होतं. तू ट्रॉली ढकलताना वळून म्हणालास, “घाट्या, मिशीला तेल लाव, आल्यावर उतरवायची हाय.” मी म्हणालो, “आधी जा तुझ्या कोकणात.” हे आपलं शेवटचं बोलणं. वाईट नव्हतं तसं. पण त्यात एक शब्द मी खाल्ला होता, हुसेन, आणि तो तुझा हक्काचा होता.

परवाच्या शुक्रवारी जोसेफला म्हणालो, अल खोरला चल. वस्तरा, साबण आणि पाण्याचा कॅन घेतला. बगळा शेंड्यावरून उतरला, तेव्हा पाण्यात पाय घातला. घरटं रिकामं होतं. पिल्लं उडायला लागली असावीत. कारण ओढ्याच्या तोंडाशी काळा उभा होता, आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर दोन पोरं, एक राखाडी, एक पांढरं, बापाची नक्कल करत चिखलात पाय थरथरवत होती. काही सापडत नव्हतं, नुसताच चिखल उडत होता. पांढरं पोर धावताना तोंडावर आपटलं. मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी साबण लावला.

आरसा जोसेफनं धरला. तो माझ्याकडे आणि बगळ्याकडे आळीपाळीनं बघत होता. दोन ठिकाणी कापलं. तुझा हात हवा होता.

कॅम्पवर आलो तर मेसमध्ये सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पैज बहुतेकांच्या लक्षातही नव्हती. दगडूमामांनी हातातली परात खाली ठेवली, माझ्या ओठांकडे बघितलं आणि जवळ येऊन हळूच विचारलं, “कोण गेलं?”

“थोरला भाऊ,” मी म्हणालो.

“तुम्ही तर एकुलतं एक न्हवं?”

“व्हता एक.”

मामांना मग पैज आठवली. त्यांनी डोळे पुसले, झारा उचलला, आणि जाता जाता म्हणाले, “म्हंजी बगळं एकच व्हतं तर!” आणि मग आम्ही दोघं हसलो, असे हसलो की बाकीच्यांना वाटलं, यांचं डोकं फिरलं.

बायकोला पत्र टाकलंय. लिहिलंय की मिशी उतरवली आहे, आणि ती वर्षभर यायची नाही, तसाच मांडवात उभा राहीन. तिला राग येईल. पोरीला मात्र मी सगळी गोष्ट सांगणार आहे, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. गावातलं कोणी विचारलं, तर जे मामांना सांगितलं तेच सांगेन.

तू जिंकलास, कोकण्या. आता कोकणाचं नाव काढ, हवं तितक्या वेळा काढ. मी मध्ये बोलणार नाही.